उशिराचं पाकीट

त्या कारखान्यात दवाखान्याच्या लोखंडी खाटा बनतात. कारखाना काढला सासऱ्यांनी, पण चालवते सून. मुलगा जहाजावर नोकरीला. वर्षातून एकदा घरी येतो आणि आल्या आल्या घरातले पंखे दुरुस्त करत बसतो. सासऱ्यांचे गुडघे गेले, तेव्हा किल्ल्या कोणाच्या हातात द्यायच्या हा प्रश्नच नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा नळी कुठली आणि सळई कुठली हेही तिला कळत नव्हतं. आता ती नळीवर टिचकी मारते आणि माल परत पाठवते. कामगार तिला वहिनी म्हणतात, आणि वहिनींनी एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

सासऱ्यांना तिचं सगळं पटे, हा ताठा सोडून. धंद्यात थोडं वाकावं लागतं, असं ते जेवताना नेहमी सांगत. आपली नळी वाकते तेव्हाच तिची खाट होते. ती म्हणे, "नळी आपण मापात वाकवतो, बाबा. कोणी गुडघा लावून वाकवली तर चेमटते." यावर सासरे आमटीची वाटी पुढे सरकवत.

त्या साली नव्या सरकारी दवाखान्यासाठी खाटांची दरपत्रकं मागवली होती. पाकीट बंद हवं, सोबत नमुन्याची एक खाट हवी, आणि दुपारी तीनच्या आत. काम मोठं होतं. मिळालं असतं तर मागची बंद शेड उघडली असती. पण नेमकं त्याच सकाळी नळीवाल्याने भाव वाढवल्याचं कळवलं. सुनेने सगळा हिशेब पुन्हा मांडला. नमुन्याची खाट टेम्पोत चढवली, सासरे आणि ती ड्रायव्हरशेजारी बसली, आणि निघाली. पुढे पुलावर रस्त्याची एक बाजू खोदून ठेवलेली. गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या.

जिना चढून खिडकीशी पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते आणि पाकिटांच्या पेटीला सील लागलं होतं. आवक कारकून भला माणूस, पण त्याचाही इलाज नव्हता. त्याने पाकिटावर 'उशिरा प्राप्त' असा शिक्का मारला आणि ते बाजूच्या कपाटात ठेवलं. सासऱ्यांनी पुलाचं गाऱ्हाणं सांगायला तोंड उघडलं, तर सूनच म्हणाली, "राहू द्या बाबा. उशीर आपला आहे."

पाकिटं उघडताना बसायला मात्र कोणालाही मुभा होती. आलोच आहोत तर भाव ऐकून जाऊ, म्हणून दोघं बाहेरच्या बाकावर टेकली. इतक्यात जिन्यावरून आधी वास आला आणि मग माणूस. हा एका बड्या कंपनीचा प्रतिनिधी. बाजारात त्याला सगळे अत्तरवाला म्हणत. हातात बंद पाकीट घेऊन तो कारकुनाच्या खिडकीकडे न बघता सरळ खरेदी अधिकाऱ्याच्या खोलीत गेला आणि पाकीट आत ठेवून मोकळ्या हातांनी बाहेर आला.

थोड्या वेळाने सभागृहात पाकिटं उघडली. अत्तरवाल्याचं पाकीट वेळेत आलेल्यांच्या गठ्ठ्यात होतं, आणि त्याचाच भाव सगळ्यांत कमी निघाला. त्याच्या खालोखाल नदीपलीकडच्या मिस्त्रीचा. हा मिस्त्री म्हणजे सासऱ्यांचा जुना प्रतिस्पर्धी; दोघं लग्नकार्यातही एकमेकांकडे पाठ फिरवत. तो भाव ऐकून मान खाली घालून बसला.

सून उभी राहिली. आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "साहेब, माझं पाकीट उशिरा म्हणून कपाटात गेलं. हे माझ्यानंतर आलं. मग हे वेळेत कसं?"

अधिकारी म्हणाला, हरकत असेल तर लेखी द्या. तिने तिथेच कागद मागून घेतला आणि लिहून दिली.

दोन दिवसांनी अधिकाऱ्याने सुनेला आणि सासऱ्यांना खोलीत बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच सासऱ्यांनी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय. अधिकारी फार गोड बोलला. पुलाचं काम चालू होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, दोन्ही पाकिटांचा उशीर माफ केला असं लिहितो, तुमचंही उघडू, ज्याचा भाव कमी त्याला काम.

आपला भाव अत्तरवाल्याच्याही खाली आहे हे सासऱ्यांना माहीत होतं. म्हणजे काम खिशातच होतं. त्यांनी मान डोलावलीसुद्धा.

सुनेने चहाचा कप खाली ठेवला. "आणि तो मिस्त्री? तोही त्याच पुलावरून आला ना साहेब, वेळेत?"

सून हरकत तशीच ठेवून उठली, आणि त्या रात्री सासरे अर्ध्या जेवणावरून उठले. ज्याच्या तोंडाकडे आपण आयुष्यभर बघितलं नाही, त्याच्यासाठी घरात आलेल्या लक्ष्मीला हिने दारातून परत पाठवलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. पण काही केल्या त्या प्रश्नाला त्यांना उत्तर सापडेना, आणि राग खरा त्याचाच होता.

सुनावणी त्या अधिकाऱ्याच्या वरच्या मॅडमसमोर झाली. अत्तरवाला म्हणाला, आपण वेळेतच आलो होतो. अधिकारी म्हणाला, गर्दीत नीट आठवत नाही. मॅडमनी कारकुनाला विचारलं, आधी कोण आलं? कारकुनाने एकदा आपल्या साहेबाकडे पाहिलं. त्याची बदली, बढती, सगळं त्या माणसाच्या हातात. मग तो म्हणाला, "या बाई आधी आल्या. पेटी तेव्हा बंद झाली होती. ते नंतर आले."

मॅडम सुनेकडे वळल्या. "तुमचं पाकीट तर उघडणारच नाही. मग या भांडणातून तुम्हाला काय मिळणार?"

"या वेळी काही नाही," सून म्हणाली. "पण पुढच्या वेळी मी वेळेत येईन. तेव्हा मागून आलेलं कोणी माझ्या पुढे बसू नये, एवढंच."

मागच्या खुर्चीवर सासरे काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी हनुवटी उचलली. या बाईला आपण इतकी वर्षं ताठ म्हणत होतो. ताठ नव्हे, सरळ होती ती, ओळंब्यासारखी. आणि ही आपल्या घरातली, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून ते उगाच खोकले.

उशिराची दोन्ही पाकिटं बाद झाली. काम नदीपलीकडच्या मिस्त्रीला मिळालं. अधिकाऱ्याची बदली झाली. कारकून जागेवरच राहिला. सुनेचं पाकीट जसं दिलं तसं, न उघडता, परत आलं. तिने ते फाडून चुलीत टाकलं आणि कामाला लागली. ते वर्ष ओढाताणीचं गेलं. कुंपणाची फाटकं, जिन्यांचे कठडे, शाळेची बाकं, जे येईल ते तिने घेतलं. पण एकाही कामगाराला घरी बसवलं नाही.

मिस्त्री एकदा कारखान्यात आला. आभार मानणं त्याला जमेना. तो नुसता यंत्रं बघत हिंडला. शेवटी सासरेच म्हणाले, बसा, चहा घ्या. दोघं म्हातारे संध्याकाळपर्यंत वेल्डिंगवरून भांडत बसले.

पुढच्या दरपत्रकांच्या वेळी सासऱ्यांनी हट्टच धरला, मीही येणार. गुडघ्यांना पट्टे बांधून ते जिना चढले. आता त्या सभागृहात नवी रीत पडली होती: पाकीट उघडण्याआधी ते किती वाजता आलं हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. कारकून एकेक पाकीट हातात घेऊन वेळ वाचत होता. सुनेचं सगळ्यांत आधीचं होतं. काम या खेपेलाही दुसऱ्याच कोणाला गेलं. त्याचा भाव खरोखरच कमी होता, आणि सून त्याचं अभिनंदन करायला स्वतः उठून गेली.

शेजारच्या खुर्चीवर एक तरुण ठेकेदार होता, बहुधा पहिल्यांदाच आलेला. त्याने सासऱ्यांना विचारलं, ही वेळ मोठ्याने कशाला वाचतात?

सासरे खुर्चीत जरा सावरून बसले. "ती निळ्या साडीतली बाई दिसते ना, तिच्यामुळे," ते म्हणाले. "सून आहे माझी."