दिवस थोरल्याचा, रात्र धाकट्याची

पुण्याहून निघालो तेव्हा अण्णा माझ्या मांडीवर होता. असं लिहिलेलं त्याला आवडलं असतं. लाल फडक्यात बांधलेलं लहानसं मडकं, ते कापडी पिशवीत, आणि पिशवी माझ्या मांडीवर. माझा हा थोरला भाऊ आयुष्यभर खिडकीची जागा कुणाला देत नसे, म्हणून खिडकीशीच बसलो.

अण्णा तरुणपणी पुणतांब्याच्या स्टेशनात नोकरीला होता. संध्याकाळी गोदावरीत पोहायचा. "मला तिथेच सोड," असं त्याने सांगून ठेवलं होतं. "नाशिकला फार गर्दी. जातानाही रांग लावायची की काय?" त्याने लग्न केलं नव्हतं, तेव्हा कर्ता मीच. दुसऱ्या दिवशी त्याचा दहावा, तो पुण्यात करायचा होता. म्हणजे आज सूर्य मावळायच्या आत अस्थी पाण्यात जायला हव्यात आणि मला रात्रीच्या गाडीने परतायला हवं. सूर्यास्तानंतर विसर्जन करत नाहीत.

मी शाळेत भूगोल शिकवतो. डिसेंबरात दिवस का लहान होतो, हे दरवर्षी सातवीच्या वर्गाला समजावून सांगतो. तरी त्या डिसेंबरात सकाळची पहिली एसटी सोडून आरामात दुसरी घेतली.

नगरच्या स्टँडवर एक शेतकरीण शेजारी येऊन बसली. "पिशवी खाली ठिवा की, अवघडून बसलाय," ती म्हणाली.

"खाली ठेवता येत नाही. भाऊ आहे."

ती उठून पुढच्या बाकावर गेली. थोड्या वेळाने मागे वळून विचारलं, "थोरला का धाकटा?"

बाहत्तरचा दुष्काळ होता. राहुरीपर्यंत रस्त्याच्या कडेला माणसं खडी फोडत होती. कालव्याजवळ उसाचा एखादा हिरवा तुकडा दिसायचा आणि सगळी एसटी तिकडे बघायची. श्रीरामपूरला गाडी बदलली. ही दुसरी गाडी पुणतांब्याच्या अलीकडे दोन-अडीच मैलांवर आचके देऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनात डोकावला आणि विडी पेटवून बसला. त्यावरून मी समजलो आणि चालू लागलो.

रस्त्यालगत एका विहिरीवर डिझेल इंजिन धडधडत होतं आणि दोन माणसं त्याहून मोठ्याने बोलत होती. पाणी मागायला थांबलो. सुतक आहे, शिवायचं नाही, हे आधीच सांगितलं. अस्थी घरात नेत नाहीत, जमिनीवरही टेकवत नाहीत, म्हणून पिशवी खळ्याच्या (मळणीच्या सारवलेल्या जागेच्या) कडेला लिंबाच्या फांदीला अडकवली. घरातून एक बाई पाणी घेऊन आली आणि तांब्या दगडावर ठेवून मागे सरली.

"चष्मा हाय. मास्तर दिसत्यात," दोघांतला वयस्कर म्हणाला. "मास्तर, ह्यो आमचा किसन्या, माजा धाकटा भाऊ. मी भागुजी. बैलगाडी जुपतो, घाटापत्तोर सोडतो तुमाला. पन त्याआधी एक न्याय करून जा."

भांडण सरळ होतं. विहीर एक, भाऊ दोन. वडिलांनी मरताना पाळी (पाणी घेण्याची ठरलेली वेळ) वाटून दिली होती: दिवस थोरल्याचा, रात्र धाकट्याची. तेव्हा वैशाख होता. भागुजीला लांबलचक दिवस मिळाला आणि किसनचं तोंड पडलं. मग हिवाळा आला, गव्हाला पाण्याची गरज लागली, आणि भागुजीचा दिवस बघता बघता आखडला.

"ह्यो चोरतो," भागुजी म्हणाला. "सूर्य टेकाडाआड गेला रं गेला, की ह्येची रात सुरू. लाली असंस्तवर दिवस असतोय का न्हाई?"

"आन् सकाळी?" किसन म्हणाला. "चांदण्या दिसत असत्यात अन् ह्येचा दिवस उगवतो."

"घड्याळ का लावत नाही?" मी विचारलं.

"घड्याळ दादाचं. चावी देनार दादा," किसन म्हणाला.

मी म्हटलं, चोरी कुणीच करत नाही, पृथ्वीच तशी आहे. आणि समजावून सांगायला लागलो. अण्णा असता तर त्याने इथेच टोपी घातली असती आणि फिरायला गेला असता.

मला शिवायचं नव्हतं, म्हणून कामं त्यांना वाटून दिली. भागुजी सूर्य. तो खळ्याच्या मध्यात कमरेवर हात ठेवून उभा राहिला. भागुजीच्या बायकोने, सगुणाबाईंनी, मोसंब्यातून पोती शिवायचं दाभण आरपार घालून दिलं आणि वरच्या अर्ध्यावर कुंकवाचा ठिपका लावला. तो आपला मुलूख. मोसंबं किसनच्या हातात.

"आता दाभणाचं टोक लिंबाकडे कलतं धरा. ते तिकडेच राहिलं पाहिजे, काही झालं तरी. मोसंबं स्वतःभोवती फिरवत भागुजींना फेरी घाला."

"मी ह्येच्याभोवती फिरू?"

"फिर की," भागुजी म्हणाला. त्याचा चेहरा एकदम सूर्यासारखा झाला होता.

किसन फिरू लागला. लिंबाच्या बाजूला आला तेव्हा दाभणाचं टोक भागुजीपासून दूर कललेलं होतं. मोसंबं गरगर फिरवलं की कुंकवाचा ठिपका भागुजीसमोर थोडाच वेळ यायचा आणि पलीकडे सावलीत जास्त रेंगाळायचा. हा आपला हिवाळा. किसन समोरच्या बाजूला पोचला. टोक अजूनही लिंबाकडेच, पण आता ते भागुजीच्या अंगावर कललं होतं, आणि ठिपका हलायलाच तयार नाही, दिवसच दिवस. हा उन्हाळा. मधल्या दोन जागी दोन्ही सारखं. पृथ्वीचा आस कायम ध्रुवाकडे असतो. त्या दुपारी ध्रुवाच्या जागी फांदीला अण्णा लटकत होता.

"म्हणजे वर्षाचा हिशेब सारखाच होतो," मी समारोप केला.

"गहू वरीसभर थांबतोय व्हय?" भागुजी म्हणाला. "ही कलंडलेली सरळ कवा व्हनार?"

"कधीच नाही."

"आमच्या धाकट्यावानीच हाय."

"आठवड्याला पाळ्या बदला," मी सुचवलं.

"मग दोघांनी बोलायचं कशावर?" सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी किसनच्या हातून पृथ्वी काढून घेतली, सोलली आणि दोघा भावांना अर्धी अर्धी दिली. दोघांनीही आधी दुसऱ्याची फोड बघितली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, दिवस ल्हान हाय म्हनता, आन् सांगताय केवडं लांब."

मी लिंबाकडे पाहिलं. त्याची सावली खळं ओलांडून पार विहिरीवर गेली होती.

भागुजीने घाईने बैल जुपले. पण तो गाडीवर चढताच किसनही चढला. पाळी बदलायच्या वेळेला एकाला इंजिनाजवळ सोडून दुसऱ्याने जाणं शक्यच नव्हतं. इंजिन बंद करून दोघंही निघाले. वाटेत किसनने पिशवीकडे बोट दाखवलं.

"थोरले का?"

"हो."

"भांडायचे?"

"रोज. खिडकीच्या जागेवरून."

किसनने गाडी हाकणाऱ्या भागुजीच्या पाठीकडे पाहिलं.

घाटावर पोचलो तेव्हा नदी घाटापासून दूर सरकलेली, मध्ये वाळू. सूर्य दिसत नव्हता, नुसती लाली. एक गुरुजी पळी-पंचपात्र आवरून निघाले होते.

"सूर्यास्त झाला. आता उद्या सकाळी या," ते म्हणाले.

माझ्या हातातली पिशवी एकदम जड झाली. उद्या सकाळी मला पुण्यात असायला हवं होतं.

"न्हाई गुरुजी," मागून आवाज आला. किसन होता. "लाली हाय तवर दिवसच असतो. आमच्यात तसंच मोजत्यात. इचारा दादाला."

भागुजी त्याच्याकडे बघतच राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "व्हय. बापाच्या वक्तापास्नं."

"तुम्ही शिकलेले दिसता," गुरुजी मला म्हणाले. "तुम्ही सांगा, मावळला की नाही?"

सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजाखाली गेली की सूर्यास्त. व्याख्या मला पाठ आहे. ती पार ओठांपर्यंत आली. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

गुरुजींनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पंचपात्र पुन्हा बाहेर काढलं. "उतरा मग लवकर. तुमचा दिवस संपायच्या आत."

पाणी गुडघ्याइतकंच होतं. पोहण्याजोगं नव्हतं, एवढं अण्णाला सांगितलं आणि मडकं रितं केलं.

वाळूवरून परतलो तेव्हा आभाळ अजून तांबूस होतं. भागुजी बैलांच्या जुवाशी खुडबुडत होता. वर न बघता म्हणाला, "चल किसन्या, घरी जाऊन इंजिन लाव. रात कवाच झालीय."

"आत्ता तर दिवस म्हनलास."

"ते गुरुजीला. पानी तुजं."

मला स्टेशनावर सोडून ते गेले. गाडीत खिडकीची जागा मिळाली, मी ती रिकामी ठेवून शेजारी बसलो. पुण्यात उतरलो तेव्हा उजाडायला बराच अवकाश होता. अशा दिवसांत रात्र मोठी का असते ते मला ठाऊक आहे. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून मी विचार केला, किसनचं पाणी अजून चालू असेल आणि विहिरीच्या काठावर भागुजी घोंगडं पांघरून पूर्वेकडे डोळे लावून बसला असेल. इथून पूर्व कुठली ते पाहिलं, आणि मीही तिकडे तोंड करून बसलो.