पांढरा बॉयलर सूट

"काका, शाळेत नोकरीला लागायच्या आधी काय करत होते?" डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं. नेहमीसारखी मीच मध्ये बोलले, "शिक्षकच होते हो. तीस वर्षं खडू खाल्लाय यांनी."

हे खुर्चीत दम खात बसले होते. हळूच म्हणाले, "त्याच्या आधी नेव्हीत होतो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाइपांना पांढरं काही गुंडाळलेलं असायचं का?"

यांचा चेहरा खुलला. वर्गात एखाद्या पोरानं नेमका प्रश्न विचारला की खुलायचा, तसा. "राहे न! वाफेच्या पाइपाले जाड पांढरं लेपण राहे. लढाईत तोफा सुटल्या का जहाज हादरे, अन् ते वरून भुरभुर पडे. जेवणाच्या ताटातही पडे."

बाई हसल्या नाहीत. हातातला बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट त्यांनी पुन्हा वाचला. मेसोथेलिओमा, त्या म्हणाल्या. फुप्फुसाभोवती एक पातळ पडदा असतो, त्याचा कॅन्सर. ते पांढरं लेपण ॲस्बेस्टॉसचं होतं. त्याची कुसळं छातीत रुततात आणि चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसून राहतात.

"यातून बरं होत नाही, काका. त्रास कमी ठेवता येईल. तेवढं आपण करू."

त्याआधीचं वर्ष आम्ही दवाखान्यांच्या बाकड्यांवर काढलं होतं. आधी कोरडा खोकला, मग जिना चढताना दम. एक्स-रेत छातीत पाणी दिसलं. पाठीत सुई घालून ते काढलं, पुन्हा भरलं. टीबी समजून गोळ्या झाल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी काम विचारलं होतं, आम्ही शेवटचं तेवढं सांगितलं. नागपुरात राहणाऱ्या माणसाला समुद्राचा आजार होईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

एकाहत्तरच्या लढाईत हे पंचविशीतले अधिकारी होते. पुढे शाळेतली पोरं विचारायची, सर, युद्ध कसं दिसते? हे सांगायचे, "मले काय माहीत? मी खाली वाफेच्या दाबाचे काटे पाहून राहिलो होतो." लढाईनंतर थोड्याच वर्षांत नोकरी सोडली. आता उजेडात काम करायचं, एवढंच कारण दिलं. कामठीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि वर्ग मागून घेतला तो खिडक्यांचा. नेव्हीतला ऐटबाज नवरा मास्तर झाला, म्हणून मी वर्षभर फुगून होते. नंतर नंतर मलाच बरं वाटायला लागलं, संध्याकाळी घरी तरी यायचे.

स्वतःचं मरण यांनी डॉक्टरीणबाईंसमोर खुर्चीत निमूट ऐकून घेतलं. पण बाईंनी पुढं विचारलं, "तेव्हाचे तुमचे कामाचे कपडे कोण धूत होतं?"

"ही धुवे," हे म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांना कळलं.

विशाखापट्टणमच्या क्वार्टरमध्ये मी नवी नवरी होते. अधिकाऱ्यांचा बॉयलर सूट पांढरा असतो. भिजवण्याआधी मी तो गॅलरीत नेऊन चांगला झटकायची. धूर उडावा तशी धूळ उडायची, मी शिंकायची, हे हसायचे. बाईंनी माझाही एक्स-रे आणि सीटी स्कॅन, म्हणजे आडवे काप दाखवणारे फोटो, काढायला सांगितलं.

रिपोर्ट येईपर्यंत यांनी धड अन्न घेतलं नाही. स्वतःच्या सुयांची कधी कुरकूर केली नव्हती, आता फोन वाजला की दचकायचे. घास पुढे केला की म्हणायचे, "आधी तुझं कळू दे." मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माझ्यात प्लुरल प्लाक निघाले. तोच पडदा जागोजागी जाड आणि पांढरा होतो, त्याला असं म्हणतात. हा कॅन्सर नाही. पण धूळ माझ्याही छातीत पोचली आहे, याचा तो पुरावा. पुढं काय होईल ते सांगता येत नाही, वर्षातून एकदा तपासा, असं सांगितलं. काही नाही निघालं, असं खोटं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. घरात पाय ठेवताच यांनी फिल्मसाठी हात पुढे केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस. फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहत राहिले.

"तिथं धोबी होता न," शेवटी म्हणाले. "त्याले काहून नाही देले वं कपडे?"

"तो नीळ फार घालायचा."

खरं तर तुमचे कपडे दुसऱ्या कुणी धुतलेले मला आवडत नव्हते, हे मी बोलले नाही. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी फिल्म उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

लढाईतला एक सूट तेलाच्या डागासकट, न धुता, ट्रंकेत होता. दर उन्हाळ्यात मी त्याला गच्चीवर ऊन दाखवायची आणि झटकून घडी घालायची. आता तो टाकायला यांनी लावला. हे ऑक्सिजन लावून बंद खिडकीमागे बसले, मी तोंड बांधून अंगणात. हात सवयीनं झटकायला वर गेले. काचेवर टकटक झाली. मी सूट तसाच बादलीत बुडवला, दुहेरी पिशवीत बांधला. नंतर दवाखान्यानं तो नेला.

दिवाळी यांनी पाहिली नाही. शेवटी मॉर्फीन होतं म्हणून तळमळ कमी झाली, त्याबद्दल त्या डॉक्टरीणबाईंची मी ऋणी आहे. यापलीकडे समाधान मानावं असं काही सापडलं नाही. तुमच्या घरी कुणाला असा खोकला असेल तर शेवटचं काम सांगून थांबू नका. पहिल्यापासूनची सगळी सांगा.

परवा माझी वर्षाची तपासणी झाली. सकाळी थोडा खोकला असतो, तेही सांगितलं. नर्सनं विचारलं, "आजी, काम काय करत होत्या?" आणि माझ्याकडे न पाहताच 'गृहिणी' लिहून मोकळी झाली.

"थांब वं पोरी," मी म्हटलं. "तेवढ्यानं नाही भागत. पुढं लिही, इंजिनरूमचे कपडे धुतले."