तात्या मांजरेकरांची कडू बिअर

तात्या मांजरेकर कुठलीही गोष्ट तोंडात घालण्याआधी तिचा वास घेत. चहा असो, सोलकढी असो, नाहीतर देवळातला प्रसाद. डावा डोळा मिटायचे, नाक भांड्याजवळ न्यायचे आणि मगच पहिला घोट. जेवण कसं झालंय, असं त्यांनी विचारलं आणि समोरचा "बरा आसा" म्हणाला, की त्यांचं डोकं फिरत असे. "बरा म्हणजे काय? खारट आसा, आंबट आसा, कायतरी सांग. जीब खोटां बोलणा नाय रे, तोंड बोलता!"

मी साताऱ्याकडचा. ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी शिरोड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो आणि तात्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. सामान लावून झालं नव्हतं तोच हे दारात उभे. उघडेबंब, कमरेला लुंगी, आणि केस मात्र साहेबासारखे नीट मागे वळवलेले. मला वाटलं, भाड्याचं काही बोलायचं असेल. त्यांनी विचारलं, "मास्तरानू, तुमच्या शाळेत उष्णता मोजूची कांडी आसा?" थर्मामीटर आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ती कशाला हवी, ते मला त्या रविवारी कळलं.

तात्यांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केला होता. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी बेल्जियमच्या एका बंदरात चार महिने अडकून पडलं. तिथे एका म्हाताऱ्या बाईच्या घरी त्यांनी खोली घेतली. ती बाई घरच्या घरी बिअर करायची. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण ती ढवळायला सांगेल तेव्हा हे ढवळत आणि थांब म्हणाली की थांबत. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी तीच बिअर शिरोड्यात करायला घेतली.

पडवीत गोणपाटावर जव भिजत पडलेले असत. मोड आले की ते वाळवायचे, खापरावर भाजायचे, भरडायचे आणि माझ्या थर्मामीटरवर उष्णता बघत मोठ्या टोपात शिजवायचे. तिकडे कडवटपणासाठी कसलीशी फुलं घालतात म्हणे. ती इथे कुठून मिळणार? तात्यांनी काडेकिराईत घातला, जो आपण ताप आला की उकळून पितो. फसफसण्यासाठी ताज्या माडीचा गाळ. मग सगळं चिनीमातीच्या बरणीत, आणि शेवटी बाटल्यांत. कधी भर दुपारी एखादी बाटली फुटायची आणि आतून तात्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, आवाज यायचा, "गेली ती एक! आता ती काच कोण उचलतलो?" हे कायद्यात बसत होतं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी दुपारी जेवणाआधी बैठक भरे. बाबल शिंपी, एसटीतला दत्ताराम कंडक्टर आणि मी. तात्या ग्लास भरायचे. ती बिअर गढूळ, गुळाच्या पाण्याच्या रंगाची, आणि पहिल्या घोटालाच जीभ आखडून घेणारी. तात्या आमच्या तोंडाकडे बघत असायचे.

"खरां सांगा."

"एकदम वेगळी चव," बाबल म्हणायचा.

"असली गोव्यातय गावणा नाय," दत्ताराम म्हणायचा.

मी रसायनशास्त्र काढायचो. साखर, यीस्ट, किण्वन. त्यात चवीबद्दल बोलायची वेळच येत नसे.

तिथून उठल्यावर आम्ही तिघे बाजाराच्या टोकाला जात असू. तिथे एका दुकानात बर्फाच्या पेटीत गोव्याहून आलेली स्वस्त बिअर मिळायची. फिकी, थंडगार, घशाखाली कधी गेली ते कळायचंही नाही. एक बाटली तिघांत. तिथे तात्यांबद्दल आम्ही काहीच बोलत नसू. मला मात्र चैन पडत नसे. एवढ्या मायेने केलेली, महिनाभर सांभाळलेली बिअर नकोशी वाटावी आणि कारखान्यातून आलेली ही पाणीदार बाटली गोड लागावी, हे कसं? दोष माझ्या जिभेत आहे की तात्यांच्या बरणीत, हे ठरत नव्हतं.

दोन वर्षं असंच चाललं. मग एके दिवशी तात्यांनी जाहीर केलं, खाडीकडची माडांची बाग विकायची, गोव्यात जागा घ्यायची, रीतसर परवाना काढायचा आणि ही बिअर मोठ्या प्रमाणावर करायची. घरही तिकडेच हलवायचं. "तिघांका आवडता, म्हणजे तिनशांका आवडतली," असा त्यांचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येत होतो, तर काकी विहिरीजवळ माझी वाट बघत उभ्या. त्या माझ्याशी फारसं बोलत नसत. त्या दिवशी सरळ म्हणाल्या, "मास्तर, ती बाग माझ्या सासऱ्यांनी लावलेली. मी हयसून खंय जावचंय नाय. तुमका ती बियर खरीच आवडता?"

मी खाली बघितलं.

"मगे सांगा तेंका. तुमचा आयकतले."

तोंडावर सांगायची हिंमत मला नव्हती. म्हणून मी मास्तरकी वापरली. म्हटलं, "तात्या, एवढा मोठा उद्योग काढताय तर आधी प्रयोग करू. एका बाजूला तुमची, एका बाजूला गोव्याची, दोन्ही सारखीच गार. प्रत्येकाने दोन्ही प्यायच्या आणि दर रविवारी यातली कुठली प्याल, ते चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही."

तात्या खूश झाले. "ह्या बरोबर! आणि मीय लिवतलंय. मीय पितंय मा?"

रविवारी चौघेही गंभीर होऊन बसलो.  दोन-दोन ग्लास झाले. काकींनी आतून बिस्किटांचा रिकामा डबा आणून ठेवला आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी पाठमोरा होऊन चिठ्ठीवर 'गोव्याची' लिहिलं. मनात म्हणत होतो, बाबल आणि दत्ताराम तरी तात्यांची लिहोत. तात्या स्वतःची लिहिणार, म्हणजे सामना तीन विरुद्ध एक. तात्यांचा मान राहील आणि मी तेवढा खरं बोललो असेन. काकींचं काय होईल, याचा त्या क्षणी मी विचारच केला नाही. आजही त्याची लाज वाटते.

चिठ्ठ्या मीच उघडल्या. पहिली गोव्याची. दुसरी गोव्याची. तिसरी उघडली. तीही गोव्याची. बाबल आपल्या नखांकडे बघत होता, दत्ताराम माडाच्या शेंड्याकडे. चौथी चिठ्ठी माझी नव्हती, त्या दोघांचीही नव्हती. जहाजावर सामानाच्या याद्या लिहून वळलेलं ते मोठं, तिरकं अक्षर मी भाड्याच्या पावत्यांवर दर महिन्याला बघत होतो. त्यावरही लिहिलं होतं, 'गोव्याची'.

 मी तात्यांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "कित्याक बघतंस असो? तूच म्हटलंस, खरां लिवा." पहिल्यांदाच ते मला एकेरी बोलले. मग उठून आत जाता जाता म्हणाले, "चला, सुरमय थंड होता."

बाग विकायचा विषय त्या दिवशीच संपला. काकींनी मला दुसऱ्या दिवशी घावणे पाठवले. मला वाटलं, झालं ते भलंच झालं. पण तात्यांनी बिअर करणंही सोडलं. गोणपाट गुंडाळून माळ्यावर गेलं, बरण्यांत काकींनी मीठ भरलं. तात्या सकाळपासून पडवीत बसून असत. ताटातलं वास न घेताच जेवत. कसं झालंय, हे विचारत नसत.

महिन्याभराने काकी पुन्हा विहिरीजवळ. "मास्तर, तेंका परत करूक सांगा."

"काय?"

"ताच. ती बियर."

मी पुरता गोंधळलो. म्हटलं, "काकी, तुम्हीच तर म्हणालात..."

"मी बाग विकू नको म्हटलंय. करू नको खंय म्हटलंय? घरात कायतरी फुटूक होया, ओरडूक होया. असो गप घोव माका नको."

मी तात्यांकडे गेलो. विचारायचं होतं ते विचारूनच टाकलं. "तात्या, तुम्हालाच आवडत नव्हती, तर इतकी वर्षं का करत होता?"

 ते म्हणाले, "तीस वर्सां दुसऱ्याच्या जिबेसाठी रांधलंय. कप्तानाक फिका, खलाशांक तिखट. ह्या एकच असा होता, जा कोणी मागलेला नाय."

"पण प्यायला तरी आवडायला हवी ना!"

"पिवचा वेगळा, करूचा वेगळा." मग डोकं खाजवून स्वतःच म्हणाले, "काय म्हायत नाय. बाबलाक मी सांगलंय, औषध म्हणान करतंय. बायलेक सांगलंय, त्या म्हातारेक वचन दिलंय. म्हातारेन माझ्याकडे कसलाच वचन मागूक नाय. खरां काय ता माकाच समाजना नाय, मास्तरानू."

मी म्हटलं, "करा परत. मी पीन."

"लबाड," ते म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात पडवीत जव भिजत पडले होते.

पुढची तीन वर्षं रविवारची बैठक चालली, आणि आता खोटं बोलायची गरज उरली नव्हती. "कडू झाली!" बाबल ओरडायचा. "गेल्या वेळेपेक्षा वाईट!" दत्ताराम म्हणायचा. तात्या मांडीवर थाप मारून हसायचे आणि आपल्यासाठी गोव्याची बाटली फोडायचे. आम्ही मात्र आधी त्यांची संपवायचो. का, ते आम्हालाही सांगता आलं नसतं. एकदा मे महिन्यात मी गावी गेलो असताना मला त्या कडू घोटाची आठवण येऊन तोंडाला पाणी सुटलं. हे आवडणं म्हणायचं की सवय?

तात्या गेले ते एका सकाळी, आंघोळ करून पडवीत येऊन बसले तेव्हा. काकी चहा घेऊन आल्या तोवर संपलं होतं.

महिनाभराने एका रविवारी काकींनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. कोठीच्या खोलीत सहा बाटल्या उरल्या होत्या. त्यांनी एक फोडली आणि तीन ग्लास भरले. आम्ही प्यायलो. बिअर चांगली होती की वाईट, यावर कोणी काही बोललं नाही. मग काकींनी चौथा ग्लास आणला, त्यात थोडी ओतली आणि आमच्यासमोर, भिंतीला टेकून बसून एका दमात प्यायल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ती तोंडाला लावल्याचं आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

"कसली मेली कडू ही!" त्या म्हणाल्या.

आणि रिकामा ग्लास त्यांनी माझ्यापुढे धरला.