घोड्याचे दोन पिवळे पाय

आमच्या गावातल्या चौकात घोड्यावर बसलेल्या संतांचा ब्राँझचा पुतळा आहे. बाराव्या शतकातले संत, कष्टाच्या कामालाच पूजा मानणारे. परभणीहून एसटी आली की आधी घोडा दिसतो, मग गाव. त्या घोड्याचे पुढचे दोन पाय पिवळेधमक आणि बाकीचा घोडा काळसर. परगावचे लोक विचारतात, असं कसं? गावातले माझ्या घराकडं बोट दाखवतात.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठी नुकतीच उलटलेली. गुडघे धडधाकट, अक्कल तेवढी लंगडी.

पुतळा बसल्यानंतरची पहिलीच जयंती होती. आदल्या संध्याकाळी मांडव बघायला गेले आणि नजर घोड्याच्या पायावर पडली. काळपट, हिरवट. माझ्या घरात सणाला तांब्यापितळेचं एकही भांडं असं राहिलेलं नाही. सून नवी नवरी होती तेव्हा तिच्याकडून मी एकच समई पुन्हा पुन्हा घासून घेतली होती. असल्या बाईला जयंतीला काळा घोडा कसा बघवणार?

तांबडं फुटताना चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी डब्यात घेऊन मी निघाले. हार घालायला लोखंडी जिना लावलेलाच होता. पदर खोचला, चढले आणि घोड्याचा पुढचा टेकलेला पाय घासघास घासला. आतून सोन्यासारखा रंग निघाला तशी माझी छाती अशी फुगली, जणू महाराज खाली वाकून शाबासकीच देणार होते! उचललेल्या पायाला हात घालणार, तोच दूधवाल्याची फटफटी ऐकू आली आणि मी उतरून घरी पळाले. चांगलं काम करणारी बाई पळते कशाला, एवढा विचार करायची मला सवय नव्हती.

सकाळी मांडवात जयंती समितीचे अध्यक्ष डोक्याला हात लावून उभे. "अहो, तो काळा रंग मूर्तिकारानं मुद्दाम चढवलेला होता! कुणी ॲसिड ओतलं?"

ॲसिड म्हटल्यावर सगळ्यांनी समितीनं चौक झाडायला ठेवलेल्या बाईकडं पाहिलं. आदल्या दिवशी चौथऱ्याची फरशी तिनंच ॲसिड टाकून धुतली होती. रोज झाडून झालं की ती आमच्या ओट्यावर चहाला टेकायची. मला माय म्हणायची.

"सायब, म्या फरशीलाच लावलं. घोड्याला हात बी लावला न्हाई."

"मग काय घोड्यानं सोताच पाय धुतला?" अध्यक्षांनी विचारलं.

लोक हसले. मीही हसले. पदराखाली माझी नखं चिंचेनं काळी झालेली, आणि मी हसले.

"उद्यापासून येऊ नको," अध्यक्ष म्हणाले. तिनं झाडू चौथऱ्याला टेकवून ठेवला आणि गेली.

जेवताना सुनेनं माझे हात पाहिले. "आत्याबाई, बरणीतली चिंच कुठं गेली?" तिला सगळं कळलेलं होतं. मी ताट अर्धं टाकून उठले.

संध्याकाळच्या कार्यक्रमात मी माईकपाशी गेले आणि सांगून टाकलं, "घोडा मी घासला. त्या बाईची चूक नाही."

अध्यक्षांनी हात जोडले. "बघा मंडळी! दुसऱ्याचा आळ आज्जी सोतावर घ्यायलेत. महाराजांची शिकवण ती हीच!"

"अहो, मी खरंच..."

"बसा आज्जी, बसा." टाळ्या पडल्या. माझ्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला आणि मी बसले. बसून शालीचे काठ चाचपून पाहिले. काठ चांगले होते.

मांडवाबाहेर ती झाडणारी बाई उभी होती. पुढं येऊन माझ्या पाया पडली. "माय, माझ्यासाठी तुमी खोटं बोलल्या. काम गेलं ते गेलं, पण एवढं तर माझ्या आईनं बी केलं नसतं."

मी तिला उठवलं आणि घराकडं वळले. शाल अंगावर जड झाली, पण काढलीही नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी मी पुन्हा त्या जिन्यावर चढले. तीच शाल कमरेला बांधलेली, तोच डबा हातात.

"आज्जी, काय करायलात? उतरा!" अध्यक्ष हॉटेलातून चहा टाकून धावले.

"काल तुमाला पटलं न्हाई ना? आता बघा, ॲसिड लागतंय का चिंच!" आणि उचललेला पाय मी सगळ्या बाजारादेखत घासून पिवळा केला. पोरं शिट्ट्या वाजवायलीत, बायका तोंडाला पदर लावायल्यात. अध्यक्षांनी दोन्ही पाय ताडून पाहिले. त्यांनी झाडणाऱ्या बाईला कामावर बोलावणं पाठवलं.

ती आली. घोड्याच्या पायाकडं पाहिलं, मग माझ्या काळ्या हातांकडं. काल ती कशासाठी माझ्या पाया पडली होती, ते तिला तिथंच उभ्या उभ्या कळलं असणार. तिनं झाडू उचलला आणि दुसऱ्या टोकापासून झाडायला लागली.

चौक अजून तीच झाडते. आमच्या ओट्यावर मात्र टेकत नाही. म्हणून सकाळी मीच थर्मास आणि दोन कप घेऊन घोड्याखालच्या बाकावर जाऊन बसते. ती झाडत झाडत माझ्यापर्यंत येते.

"आज्जीबाई, पाय वर घ्या."

मी पाय वर घेते. ती बाकाखालचा कचरा ओढून पुढं जाते. दोन्ही कप मग मीच पिते.