कापसाच्या खाजेआड

घरात कापूस भरलेला असला की आमच्या परतवाड्याकडच्या गावांत माणसं खाजवतातच. त्यातल्या बारीक किड्यांनी हातापायांवर पुरळ उठतं; भाव येऊन कापूस विकला की जातं. म्हणून रुख्मिणीबाई पोटाखाली खाजवू लागल्या, तेव्हा त्यांच्यासकट कुणालाच वावगं वाटलं नाही.

वर्षापूर्वी अमरावतीत वजन उतरवायला त्यांच्या जठराचं ऑपरेशन झालं होतं. गुडघ्यांना पेलत नव्हतं इतकं वजन. ते निम्म्यावर आलं. मांस गेलं, कातडी मात्र मागे राहिली. पोटावरून ती रिकाम्या पोत्यासारखी मांडीवर लोंबायची. नवऱ्यालाही ती दिसू नये म्हणून बाई आंघोळ झाली की ओल्या अंगावरच फडकं आवळून बांधायच्या.

एका सकाळी सून दामिनीला त्यांच्या अंगाचा कुबट वास आला.

"आत्याबाई, कापसानं आमचे हात खाजतात. तुमचं पोटाखालीच काहून?"

"माहं आंग, माही खाज. तू भाकरी टाक."

"पाहू तर द्या!"

"लाज हाये का नाई वं तुले?"

दुपारी त्यांना हुडहुडी भरली. त्यांचे यजमान नत्थुजी दारातूनच म्हणाले, "उद्या कापूस घराबाहीर काढतो, मंग बरं वाटीन."

दामिनीने ऐकलं नाही. दार लावलं, फडकं सोडलं. पोटाच्या लोंबत्या घडीखालची कातडी सोलून ओली झाली होती, आणि लाली मांडीकडे उतरत होती.

मिळाली त्या जीपने तिने सासूला अमरावतीला नेलं, नत्थुजीही निघाले. डॉक्टरबाईंनी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली.

"घडीत ओल कोंडली, बुरशी आली, त्यातून जंतू शिरले. ऑपरेशननंतर खाणं चिमणीएवढं, त्यात डाळ नाही, अंडं नाही. कातडी भरून येईल कशी? औषध सुरू करते. लाली या रेघेबाहेर गेली, तर सडलेला भाग कापावा लागेल."

रुख्मिणीबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सकाळी दामिनीने चादर उचलली.

"सरकली का वं?"

दामिनी वाकून बघत राहिली. बाईंनी खाटेची दांडी धरली.

"रेघेच्या आत सरकली, आत्याबाई. बोटभर."

बाईंनी श्वास सोडला. मग म्हणाल्या, "बाहीर बसले त्यायले बोलाव. रोज कोरडं करा लागन, तू एकटीच करशीन का? पाहू दे त्यायले बी."

नत्थुजी आत आले. बाईंनी चादर ओढून घेतली नाही.