बंगलोरी की युवराज?

नोकरीत बसून बसून माणसाच्या अंगावर चरबी साठते म्हणतात. आमच्या फळबागेत नुसते किस्से साठायचे! हिंगणीच्या अलीकडे ती सरकारी बाग होती आणि मी तिथला असिस्टंट. संत्री, पेरू, लिंबं यांनी मला कधी त्रास दिला नाही. डोक्याला ताप झाला तो दोन काळ्या द्राक्षवेलींचा.

एक बंगलोर ब्लू, दुसरी ब्लॅक प्रिन्स. त्या नावांना बागेत कुणाचीच जीभ वळेना, म्हणून त्यांची बंगलोरी आणि युवराज झाली. दोन्हींची झकास लाल वाईन होते, असं आमच्या साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं. वर्धा जिल्ह्यात कडक दारूबंदी! त्या माहितीचं करायचं काय?

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी एकाच मांडवाला पुरायचं, तेव्हा एक वेल उपटायची ठरली. बंगलोरीला घड जास्त लागायचे, म्हणून साहेबांचा कल तिकडे. पण युवराज मी वाढवला होता. पंप बंद पडला त्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी मी स्वतः बादल्या वाहिल्या होत्या. तो उपटलेला मला बघवणार नाही, हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं.

"देशात आता निवडणुका होतात," साहेब म्हणाले. "लोकांना चाखू द्या. चवीला सरस ठरेल ती वेल राहील. तुमचं मत धरायचं नाही, तुम्ही घरचे!"

झालं! द्राक्षं घेऊन लोकांच्या मागे फिरणं माझ्या गळ्यात पडलं.

* * *

पहिले मतदार गावचे हेडमास्तर. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, नीट फरक सांगेल. मास्तरांनी बंगलोरीचा एक घड संपवला, युवराजचा एक घड संपवला, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "दोन्ही उत्तम!"

"पण मास्तर, जास्त चांगलं कोणतं?"

"दोन्ही."

"एकाला तर मागं टाकावंच लागेल ना!"

मास्तर गंभीर झाले. "मी आजवर कोणाले नापास केलं नाई. आता द्राक्षापासून काऊन सुरुवात करू?"

* * *

मग कौसाबाई. वांगी-टमाटे घेऊन ती बाजाराला निघाली की बागेवरूनच जायची. तिला मी दोन्ही द्राक्षं दिली. बंगलोरीची साल जाड, आतला गर सुटून जिभेवर येतो आणि वास आधी नाकात शिरतो. युवराजची साल पातळ, रस भरपूर, गोडी हळूहळू चढते. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं.

"भाकरीसंगं कोणतं बरं लागंल थे सांगा ना भाऊ!" ती म्हणाली. "घरी नेऊन पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी बाई वाटीभर चटणी घेऊन हजर. चटणी खरंच फर्मास होती. मी आशेनं विचारलं, "कोणत्या द्राक्षाची केली?"

"दोनीची मिळून!"

* * *

सिंदीचे एक शेटजी होते, कापसाचे व्यापारी. त्यांनी चष्मा लावला, एकेक द्राक्ष बोटांत दाबलं, बिया तळहातावर काढल्या आणि हात वरखाली करून वजनाचा अंदाज घेतला.

"बंगलोरीत सरकी जास्त," ते म्हणाले. "माल म्हणाल तर युवराज!"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. युवराजला पहिलं मत! आनंदानं विचारलं, "आणि शेटजी, चवीला?"

"चव?" शेटजी हात धुत म्हणाले. "मी खाल्ली कुठं? डॉक्टरनं मले गोड बंद केलं आहे."

साहेबांनी ते मत बाद केलं.

* * *

शेवटी साहेबांनाच युक्ती सुचली. "लोक फळ बघून बहकतात. दोन्हींचा रस काढा, दोन माठांत भरा. डोळे मिटून चाखू द्या!"

मी सालीसकट द्राक्षं चेचून दोन माठ भरले. साहेबांनी ते कोठीघरात ठेवून कुलूप लावलं. मग अचानक नागपूरचं बोलावणं आलं आणि साहेब निघून गेले. किल्ली खिशात!

बाहेर असं ऊन की पत्रे तडतडत होते. कोठीच्या फटीतून आधी मुंग्या गेल्या, मग माश्या, मग बाहेर वास यायला लागला. तो हिंगणीपर्यंत पोचला. ज्यांना द्राक्ष म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तेही बागेपाशी रेंगाळायला लागले.

साहेब परतले, दार उघडलं. दोन्ही माठांवर फेस!

"आंबलंय वाटतं जरा," साहेब म्हणाले. आणि मागून दारूबंदीचे इन्स्पेक्टर सायकलवरून उतरले.

* * *

हा माणूस भलता कडक. मोहाचा नुसता वास आला म्हणून त्यानं अख्ख्या लग्नाच्या मांडवाची झडती घेतली होती. त्यानं माठांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "कोणी काढलं हे?"

"यांनी!" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. धन्य आमचे साहेब! घरी बायको, तान्ही पोर, आणि मी द्राक्षांपायी तुरुंगात!

"दारू आहे का नाई, हे चाखूनच ठरवा लागंल," इन्स्पेक्टर म्हणाले. "मी तं जन्मात थेंब घेतला नाई. पण ड्युटी आहे."

त्यांनी बंगलोरी कपात घेतली, घोटभर प्यायले. "समजून नाई राह्यलं." मग युवराज घेतला. मग पुन्हा बंगलोरी. मग खुर्ची मागवली. युवराजचा कप उजेडात धरला, हलकेच गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटून घेतले.

"बंगलोरीचा वास पुढं पळते, चव मागं राह्यते," ते हळूच म्हणाले. "हा दुसरा मातर सबूर करणारा आहे. याले लाकडाच्या पिपात, थंड जागी, सालभर ठेवा लागते. मंग पाहा!"

डोळे उघडले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. ते ताडकन उठले, टोपी सारखी केली. "हे दारू नाई. नासका रस आहे. ओतून द्या!"

सायकलवर बसता बसता मात्र थांबले. "एक वेल उपटून राह्यले म्हणे तुम्ही?"

"हो," साहेब म्हणाले.

"युवराजले हात लावला, तं गुन्हा दाखल करीन!"