ती ओके म्हणेपर्यंत

आमच्या चेन्नईतल्या अण्णा नगरच्या घरात सिनेमाचं शूटिंग झालं, हे मी ओळखीच्यांना सांगते आणि अनोळखींनाही सांगते. ऑटोवाल्यालाही सांगून झालंय. लोक विचारतात, हिरॉइन कोण होती? मी म्हणते, ते राहू द्या, साउंड कुणाचा होता ते विचारा. माझ्या मुलीचा!

तेव्हा मात्र हे असं छाती पुढे काढून सांगता येईल अशी लक्षणं नव्हती. शूटिंग ठरलं त्या वेळी तिने तीन वर्षं आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

भांडण साधंच होतं. इंजिनियर झालेली पोरगी, वेलचेरीच्या बाजूला चांगली कंपनी, आणि एक दिवस येऊन म्हणते, नोकरी सोडली, मी सिनेमाचा साउंड शिकणार. मी लग्न करून साताऱ्याहून इथे आले तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं. तशीच केंद्र सरकारच्या कचेरीत चिकटले आणि रिटायर होईपर्यंत हलले नाही. नोकरी सोडणं हा शब्दच मला झेपत नाही. मी म्हटलं, "लोकांच्या तोंडापुढे माइकची काठी धरून उभं राहायचं, याला काम म्हणतात?" ती म्हणाली, "असंच वाटत असेल तर मी या घरात येणारच नाही." मी म्हटलं, "नको येऊस." आता आई असं म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ही पोरगी माझीच. राग नाकावर. नाही आली ती नाहीच आली.

आमचे हे रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झालेले, स्वभावाने अगदी गरीब. महिन्यातून एकदा डबा घेऊन बाहेर पडायचे. "वेलचेरीला मित्राकडे जाऊन येतो," म्हणायचे. डबा मीच भरायचे. चकोल्या केल्या की तूप वेगळ्या डबीत द्यायचे, कारण त्या मित्राला वरून तूप लागतं हे मला ठाऊक होतं. एका पावसाळ्यात वेलचेरीत कमरेएवढं पाणी भरलं, तेव्हा मीच म्हटलं, "अहो, तुमच्या त्या मित्राला फोन करा ना." त्यांनी केला. मित्र वरच्या मजल्यावर राहतो, सुखरूप आहे म्हणाले. मग मी जेवायला बसले.

शूटिंगचं विचारायला दिग्दर्शिका स्वतः आली. तिशीतली मुलगी, बोलायला गोड. सिनेमाची गोष्ट तिने सांगितली: आई आणि मुलगी भांडून वेगळ्या झालेल्या, बऱ्याच वर्षांनी मुलगी घरी येते. मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले.

"आमच्या साउंड रेकॉर्डिस्टच्या फोनमध्ये तुमच्या स्वयंपाकघराचा फोटो पाहिला, तेव्हाच हे घर माझ्या डोक्यात बसलं," ती तमिळमध्ये म्हणाली. "ती नकोच म्हणत होती. म्हणून मीच आले."

तिच्या फोनमध्ये माझं स्वयंपाकघर होतं! मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. बिल्डिंगमध्ये सांगितलं की यांना भारी हौस. खरं कारण एवढंच, की दोन दिवस का होईना, पोरगी घरात येईल. आली तर मला आई म्हणेल, हे घर पुन्हा आपलं म्हणेल. याहून जास्त मला काही नको होतं, आणि हे मिळेल की नाही या विचाराने जीव टांगणीला लागला होता.

पहिल्या दिवशी सकाळी ट्रक भरून सामान आलं, माणसं आली, आणि त्यांच्यात ती. वाळली होती. केस कापलेले. उंबऱ्याबाहेर चपला काढून तिने तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, उळ्ळे वरलामा?" आत येऊ का? कुठल्याही परक्या घराच्या मालकिणीला विचारावं तसं. पण सगळ्यांसमोर काय बोलणार. "या," म्हटलं.

मग म्हणाली, "अम्मा, फ्रिज बंद ठेवावा लागेल. त्याचा आवाज येतो." हेही तमिळमध्ये.

मी चक्क मराठीत म्हटलं, "कर की बंद. तुझ्याच बापाने घेतलाय." लाइटवाले बघायला लागले. तिचा चेहरा हलला नाही. फ्रिज तेवढा बंद केला.

आपल्याकडे बऱ्याच सिनेमांत बोलणं नंतर स्टुडिओत बसून भरतात. या दिग्दर्शिकेला ते नको होतं. शूटिंगच्या वेळी नटांच्या तोंडून निघेल तोच आवाज सिनेमात जाणार. म्हणजे बाकी घरभर चिडीचूप हवं, आणि ते बघायची जबाबदारी आमच्या पोरीची. काठी धरायला तिच्या हाताखाली आता माणूस होता. ती स्वतः कानाला हेडफोन लावून मशीनपुढे बसायची. सुरुवातीला ती डोळे मिटून घरभर फिरली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. वरच्या मजल्यावरचा गळका नळ बंद करवला. बोअरच्या मोटरबद्दल मी आमच्या सेक्रेटरीकडे इतकी वर्षं डोकं फोडतेय, ढिम्म हलला नाही. ही खाली जाऊन दोन शब्द बोलली आणि मोटर बंद!

आणि शॉटच्या वेळी ती हात वर करायची. बस्स. सगळं युनिट जागच्या जागी थिजायचं. माझ्या वयाचा एक लाइटवाला खोकला आला तर आधी तिच्याकडे बघायचा. शॉट झाला की दिग्दर्शिका, कॅमेरावाला, एवढी मोठी नटी, सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. ती "ओके" म्हणेपर्यंत काय बिशाद कुणाची जागचं हलायची! मी आतल्या खोलीच्या फटीतून बघत होते. माझा ऊर असा भरून आला की वाटलं, बाहेर जावं आणि एकेकाला धरून सांगावं, अरे, ही माझी आहे, माझी!

पण ती दुपारी जेवली खाली, मांडवात, युनिटबरोबर. मला तिच्यासाठी काही करताही येईना. माझ्या स्वयंपाकघरात नटीचा स्वयंपाक चालला होता. रिकाम्या कढईत झारा फिरवत होती बाई. संध्याकाळी पॅकअप झाल्यावर पोरीने वायरी गुंडाळल्या, फ्रिज पुन्हा चालू केला, "थँक्यू अम्मा" म्हटलं आणि गेली. हे म्हणाले, "उद्याचा दिवस आहे अजून." मी म्हटलं, "तुम्ही मला शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी शेवटचा सीन, हॉलमधला. सिनेमातली मुलगी घरी येते तो. आम्हा दोघांना आतल्या खोलीत बसवून दार लावून घेतलं होतं. मला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच, पण बसले मूग गिळून. बाहेर सगळं शांत झालं. बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज. आणि ती सिनेमातली मुलगी म्हणाली, "अम्मा, उळ्ळे वरलामा?"

अगं बाई! तेच शब्द. पोरीने आपल्याच घरात यायला परवानगी मागायची? माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी पदर तोंडात कोंबला. माझ्या शेजारी हे घाबरून पाठीवर हात फिरवत बसले.

बाहेर नटी रडली, मुलगी रडली, दिग्दर्शिका "सुपर!" म्हणून ओरडली. टाळ्या सुरू झाल्या आणि त्यात माझ्या पोरीचा आवाज आला, "सॉरी. नॉट ओके. दुसरा कसला तरी आवाज येतोय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच शब्द, पुन्हा माझं तेच. पुन्हा ती म्हणाली, नॉट ओके. नटी भडकली. "मी किती वेळा रडू? मला तर काही ऐकू येत नाही. नंतर डब करून देते."

माझी पोरगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही आत्ता रडलात तसं स्टुडिओत रडता येणार नाही. मी ते वाया जाऊ देणार नाही. आवाज कुठून येतो ते शोधते. तोवर ओके नाही."

अशी उभी राहिली त्या नावाजलेल्या बाईपुढे! आणि मी इकडे मनात म्हणतेय, कोण मेलं आवाज करतंय? माझ्या पोरीचं काम बिघडवतंय? सापडू दे, चांगली खरडपट्टी काढते!

तेवढ्यात आमच्या खोलीचं दार उघडलं. ती दारात. हेडफोन गळ्यात. मी पदर तोंडातून काढायच्या आत तिने बघितलं.

"आई," ती म्हणाली. मराठीत. "तू आहेस होय?"

"मला सर्दी झालीय," मी म्हटलं. "काल तो एसी कुणी लावला होता?"

"एसी तर दोन दिवस बंदच..." हे बोलायला लागले. मी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले.

तिने दार लोटलं आणि माझ्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "दोन वेळा रडलीस. पहिल्याच वेळी मला कळलं होतं गं. असं वाटलं, दार उघडलं तर तू ओरडशील."

"ओरडणारच आहे," मी म्हटलं. मग म्हटलं, "काय दरारा आहे गं तुझा. सगळे तुझ्याकडे बघतात. मला फार अभिमान वाटला. फार."

तिने डोळे पुसले, माझे आणि मग स्वतःचे, एकाच पदराने. "चल बाहेर," म्हणाली. "माझ्याजवळ बस. रडू आलं तर माझा हात दाब. आवाज काढायचा नाही."

तिने मला मशीनजवळ आपल्या शेजारी बसवलं आणि दुसरा हेडफोन माझ्या कानाला लावला. काय सांगू! नटीच्या बांगड्या, तिने गिळलेला आवंढा, सिनेमातल्या मुलीचा उंबऱ्यावर अडखळलेला श्वास, सगळं माझ्या कानात. ही पोरगी दिवसभर हे ऐकते. याला मी काठी धरणं म्हणत होते! ते शब्द आले तेव्हा मी तिचा हात असा दाबला की तिची बोटं पांढरी पडली. ती हूं की चूं न करता मशीनकडे बघत राहिली. शॉट संपला. सगळ्या माना वळल्या.

"ओके," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या, नटीने येऊन तिचा गालगुच्चा घेतला. लोक सामान आवरायला लागणार तोच तिने पुन्हा हात वर केला. "थांबा. रूम टोन राहिलाय." माझ्या कानाशी वाकून तिने सांगितलं, की प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुणी काही न बोलता ती थोडा वेळ रेकॉर्ड करावी लागते, पुढे सिनेमा जोडताना लागते. आधी कुठली जागा ते मशीनवर बोलून ठेवायचं. काल स्वयंपाकघरात तिने "रूम टोन, किचन" एवढंच म्हटलेलं मी ऐकलं होतं.

आता ती मशीनवरच्या माइकशी वाकली. "रूम टोन, हॉल," म्हणाली. मग जराशी थांबली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एंग वीडु." आमचं घर.

माझ्या दोन्ही कानांत तिचा आवाज आला. सगळे थिजून उभे. मी नाकसुद्धा ओढलं नाही. माझंच घर मी पहिल्यांदा ऐकत होते. लांब कुठेतरी कावळा होता, गॅलरीतल्या वाळत टाकलेल्या साडीची फडफड होती, आणि आतल्या खोलीत यांचा गुडघा कट्कन वाजला.

आता पुन्हा करायला लावणार, मला वाटलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"बाबा," ती माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, आणि हसली. "राहू दे. ओके."

सगळे हलले. तिचा हात अजून माझ्या हातात होता. तो तिने काढून घेतला नाही.